दमयंतीच्या चपलांचा कप्पा

मी एक जुना चपलांचा स्टँड आहे. मित्रांनो, तुम्ही रोज सकाळी माझ्या अंगावर चपला भिरकावता आणि वर्गात पळता. त्याबद्दल माझी तक्रार नाही, चपला अंगावर घेणे हाच माझा धंदा. पण दर जूनमध्ये नुकतीच वाचायला शिकलेली मुले माझ्यासमोर उभी राहतात, मधल्या रांगेतल्या एका कप्प्यावर बोट ठेवतात आणि अक्षरे जुळवून वाचतात, द-म-यं-ती. मग गुरुजींना विचारतात, ही दमयंती कोण? त्या नावाची मुलगी शाळेत नाही, पूर्वीही नव्हती. गुरुजी म्हणतात, असेल कोणीतरी, चला आत. हे 'असेल कोणीतरी' माझ्या मनाला फार लागते, म्हणून आज तिची गोष्ट सांगतो.

मी जन्माने स्टँड नव्हे. मी एक खोके होतो, आणि तेही साधेसुधे नव्हे. देवदारी फळ्यांचे, आतून थर्माकोल लावलेले, बाहेर काळ्या शाईत काचेच्या पेल्याचे चित्र, छत्रीचे चित्र आणि 'ही बाजू वर' असे बजावणारे दोन बाण. माझ्या पोटात कॉम्प्युटर होता. ऐंशीचे दशक सरत आले होते, आणि रत्नागिरीत कॉम्प्युटर हा शब्द लोकांनी वर्तमानपत्रात वाचला असला तरी तो डोळ्यांनी पाहिलेला माणूस शोधावा लागत होता. मुंबईहून ट्रकने येताना कशेडीच्या घाटात ड्रायव्हर माझ्यासाठी हळू चालवत होता. इथे उतरवताना महिपत नावाच्या हमालाने मला चारी बाजूंनी न्याहाळले. आपल्याकडून पेट्या मुंबईला जातात, मुंबईहून आपल्याकडे कसला आंबा आला, असे तो विचारत होता. मला त्याचा राग आला होता. मी स्वतःला आंब्याच्या पेटीपेक्षा बराच वरचा समजत होतो.

ज्या कचेरीत मी आलो ती पिण्याच्या पाण्याची कामे पाहणारी एक सरकारी यंत्रणा होती. तिथे वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरसाठी वेगळी खोली केली होती, खाली गालिचा, खिडकीत एअर कंडिशनर. माझ्या पोटातून त्याला काढले, आत नेले, आणि मला मागच्या पडवीत टाकून दिले. हळू उचला, हळू ठेवा म्हणणारी माणसे पुन्हा फिरकली नाहीत. पावसाचे शिंतोडे उडत, एका मांजरीने माझ्यात पिल्ले घातली, आणि कचेरीतला शिपाई आप्पा येता जाता माझ्याकडे बघून माझ्यात किती दिवसांचे आंघोळीचे पाणी तापेल याचा हिशेब करू लागला.

मला वाचवले ते धुळीने. रत्नागिरीची लाल माती तुम्हाला माहीतच आहे. ती कुठे बसत नाही? कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, म्हणून त्या खोलीत अनवाणी जायचे असा नियम झाला. दाराबाहेर चपलांचा ढीग पडू लागला. एकदा घाईच्या मीटिंगला निघालेले आमचे साहेब एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात कोणा दुसऱ्याची चप्पल घालून गेले आणि तशीच मीटिंग करून आले. दुसऱ्याच दिवशी आप्पाला हुकूम झाला की काहीतरी कर. आप्पाचा हात सुतारकामाला बरा होता. त्याने करवत आणली, मला मोडले आणि पुन्हा जोडले. तीन रांगा, रांगेत पाच कप्पे. फळ्या मात्र हाताला येतील तशा मारल्या. त्यामुळे 'ही बाजू वर' सांगणारा माझा एक बाण जमिनीकडे गेला आणि दुसरा संडासाकडे. कचेरीत नवखी आलेली माणसे त्या बाणाने जात आणि ओशाळून परत येत.

कप्प्यांवर नावे घालायची ठरली तेव्हा आस्थापना शाखेच्या मालिनीबाईंनी आप्पाला बोलावले. आस्थापना शाखा म्हणजे कोण कधी लागले, कोणाची रजा, कोणाची बदली हे सांभाळणारी शाखा. मालिनीबाई कामाला कडक, उन्हात आणि पावसात सारखीच छत्री घेणाऱ्या. त्यांनी सांगितले की कायम माणसांची नावे रंगाने लिहा आणि तात्पुरत्यांची खडूने. आप्पाने ऑइलपेंटचा डबा आणला. साहेब, श्यामराव, आणखी दोघेतिघे, अशी पांढरीशुभ्र नावे माझ्या वरच्या रांगेत चढली. मधली रांग खडूची.

कॉम्प्युटर चालवायला कायम जागाच मंजूर नव्हती, हे त्यातले खरे. यंत्र आले होते, पण ते चालवणारी माणसे सरकारच्या हिशेबात नव्हती. म्हणून रोजगार कार्यालयाकडून नावे मागवली, टायपिंग येणाऱ्यांची परीक्षा घेतली आणि तात्पुरते ऑपरेटर लावले. दमयंती त्यांतली एक.

मी माणसे पायांकडून ओळखतो. दमयंती पहिल्या दिवशी आली तेव्हा तिच्या चपलांचा एक पट्टा चांभाराने दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेला होता. तिने त्या माझ्यापर्यंत आणल्याच नाहीत. जिन्याच्या खालच्या पायरीवर, कोपऱ्यात, कोणाच्या पायात येणार नाहीत अशा ठेवल्या. आप्पाने ते पाहिले.

"पोरी, तिथं नको ठेवू," तो म्हणाला. "वर आण. हितं तुजं नाव लिवलंय."

तिने वर येऊन ते नाव वाचले. मग चपला कप्प्यात ठेवल्या, टाचा भिंतीकडे, दोन्ही सारख्या. मी पुढे इतक्या लोकांच्या चपला घेतल्या, पण इतक्या नीट ठेवणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

तिचे गाव लांज्याच्या बाजूला, आत डोंगरात. वडील मुंबईला गिरणीत होते. गिरणी संपापासून बंद ती बंदच, म्हणून ते गावी परतले होते आणि भातशेती बघत होते. धाकटा भाऊ शाळेत. दमयंतीने मॅट्रिकनंतर टायपिंग केले होते, आणि रत्नागिरीत मामाकडे राहून ती ही नोकरी करत होती. घर या पोरीच्या नोकरीकडे डोळे लावून बसले आहे, असे आप्पा चहावाल्याला सांगायचा. मला तेव्हापासून तिची काळजी लागली.

आत काय चालते ते मला दाराच्या काचेच्या चौकोनातून दिसे. गावोगावच्या विहिरी आणि झरे, त्यांना कोणत्या महिन्यात तळ दिसतो, बायकांना पाण्यासाठी किती लांब जावे लागते, हे सगळे कागद तालुक्यांहून गठ्ठ्यांनी येत आणि दमयंती ते कॉम्प्युटरात भरी. कोकणात एवढा पाऊस, आणि वैशाखात घागरी घेऊन वणवण. कोणत्या गावाला आधी पाणी द्यायचे ते यावरून ठरणार होते. सुरुवातीला तिच्याबरोबर आणखी दोघे होते. ते दुसरीकडे कायम नोकरी मिळताच गेले. ही राहिली. एक दिवस ती बाहेर आली ती हसतच. आप्पाला म्हणाली, "आप्पा, आज आमच्या गावची विहीर कॉम्प्युटरात गेली." आप्पाने त्या आनंदात तिला एक चहा पाजला.

त्या वर्षीचा दसरा मी विसरणार नाही. खंडेनवमीला कचेरीत यंत्रांची पूजा ठरली. सगळे हळदकुंकू, नारळ आणि अक्षता घेऊन कॉम्प्युटरकडे निघाले, आणि साहेब दारात आडवे आले. फ्लॉपी घालण्याच्या फटीत एक अक्षता गेली तरी सगळे बंद पडेल, नारळाच्या पाण्याचे तर नावच काढू नका, असे त्यांनी बजावले. आता पूजेचे ताट घेऊन माघारी कसे जायचे? तेव्हा दमयंतीनेच सुचवले की कॉम्प्युटर ज्या खोक्यातून आला ते खोके तर बाहेर उभे आहे, त्याची पूजा केली तर ती आत पोचेल. सगळ्यांना पटले. मला झेंडूचा हार घातला, माझ्या खांबाला कुंकू लावले आणि माझ्या पायाशी नारळ फोडला. आयुष्यात एकदाच, पण मी देवासारखा दिसलो. त्या दिवशी मला माझ्या दोन्ही बाणांचा विसर पडला होता.

आता खंडाचे सांगायला हवे. मित्रांनो, तेव्हाची पद्धत अशी होती की तात्पुरत्या माणसाला एकोणतीस दिवसांसाठी नेमायचे, मग एक दिवस घरी बसवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने नेमायचे. त्या एका दिवसाला खंड म्हणत. सलग नोकरी झाली तर माणूस कायम होण्याचा हक्क सांगेल, म्हणून ही सोय. खंडाच्या दिवशी सकाळी मालिनीबाई जिना चढताना आप्पाला सांगत की आज दमयंतीचा खंड, नाव पुसा. आप्पा टेबले पुसायचे ओले फडके घेई आणि पुसे. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच खडू घेऊन पुन्हा लिही. पुसणे आणि लिहिणे यात एका रात्रीचे अंतर, पण त्या दिवशी माझ्या मधल्या रांगेकडे मला बघवत नसे. ओल्या फडक्याचा गारवा लाकडात बराच वेळ राहतो.

मला मालिनीबाईंचा राग येई. पण आप्पा सांगायचा की खंड नीट पाळला नाही तर मुंबईहून पुढची नेमणूकच मंजूर होत नाही, मग पोर कायमची घरी. बाई पुसायला लावत होत्या ते तिला ठेवण्यासाठीच.

पुढच्या वर्षी होळी झाल्यावर बातमी आली की मुंबईचे मोठे साहेब येणार. कॉम्प्युटरसाठी कायम जागा मिळावी म्हणून आमच्या साहेबांनी प्रस्ताव पाठवला होता, आणि काम बघून ते त्यावर निर्णय देणार होते. जागा झाली तर दमयंतीला मिळेल असे सगळे धरून चालले होते. चार दिवस नुसती झाडलोट सुरू होती. मलाही आप्पाने ओल्या कापडाने पुसले. पण मोठे साहेब ज्या दिवशी येणार तो नेमका तिच्या खंडाचा दिवस निघाला.

खंड पुढे मागे करता येत नव्हता. साहेब आणि मालिनीबाई यांच्यात दार लावून बोलणे झाले. शेवटी असे ठरले की कॉम्प्युटर श्यामराव चालवून दाखवतील. श्यामराव कायम कारकून, भला माणूस, दमयंतीने त्यांना आठवडाभर सगळे शिकवले. आणि काही अडले तर हाताशी असावी म्हणून तिनेही यायचे, पण आतल्या लाकडी पार्टिशनच्या आडोशाला बसायचे. कागदावर ती त्या दिवशी नव्हती, तेव्हा डोळ्यांनाही दिसता कामा नये.

ती सकाळी लवकर आली. आप्पाने तिचे नाव आधीच पुसले होते. मालिनीबाई म्हणाल्या की चपलाही इथे नकोत. आप्पाने त्या उचलल्या, आणि लांब कुठे न्यायचे जिवावर आले म्हणून माझ्या मागे भिंतीलगत सरकवल्या. मग मोठे साहेब आले. चकचकीत काळे बूट. वरची रांग भरलेली होती, म्हणून आप्पाने ते मधल्या रांगेत ठेवले, पुसलेल्या कप्प्यात. बूट पुढे आणि तिच्या चपला माझ्या पाठीशी. मला काही बोलता आले असते तर मी त्याच दिवशी बोललो असतो.

आतला कार्यक्रम फार चांगला झाला. श्यामरावांनी एकही चूक केली नाही. पडद्यावर गावे आली, विहिरी आल्या, छापील कागद सरसरत बाहेर पडला. मोठे साहेब खूश होऊन बाहेर आले, स्टुलावर बसले आणि बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले की तुमचा कायम माणूसच इतके छान सांभाळतो आहे. मग नवीन जागा कशाला हवी? प्रस्ताव परत पाठवतो, तात्पुरतेही आता बंद करा.

श्यामराव खाली मान घालून स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघत राहिले. खंड इतका चोख पाळला गेला होता की दमयंतीची गरजच उरली नव्हती.

तेवढ्यात दार ढकलून दमयंती बाहेर आली. तिने सगळे ऐकले होते. ती मोठ्या साहेबांकडे गेली नाही. आप्पासमोर येऊन उभी राहिली.

"आप्पा, माझ्या चपला द्या," ती म्हणाली.

आप्पाने मालिनीबाईंकडे पाहिले. मोठ्या साहेबांनी नाडी अर्धी सोडून विचारले की ही मुलगी कोण. आमचे साहेब घाम पुसू लागले. मालिनीबाईंनी हातातली छत्री माझ्या खांबाला टेकवून ठेवली.

"ही दमयंती," त्या म्हणाल्या. "कॉम्प्युटर हीच चालवते. आत तुम्ही बघितलंत ते सगळं हिचं काम. आज तिचा खंड आहे, म्हणून कागदावर ती इथे नाही."

"मग इथे कशी?"

"आम्ही बोलावलं म्हणून."

आप्पाने माझ्या मागून चपला काढल्या आणि तिच्यापुढे ठेवल्या. मोठ्या साहेबांनी त्या पाहिल्या, मग आपले बूट जिथे होते त्या कप्प्यावरचा खडूचा धुरकट डाग पाहिला, आणि तो कसला असे विचारले. आप्पाने सांगितले, "तो हिचाच कप्पा, साहेब. आज पुसलाय." ते नाडी बांधून उठले आणि जिना उतरून गेले. तात्पुरते बंद करण्याचे त्यांनी पुन्हा काढले नाही.

दमयंतीला आप्पाने नंतर विचारले की तू बाहेर कशाला आलीस, बाई सगळं निस्तरतील असं थांबायचं होतंस. ती म्हणाली, "थांबले असते तर मी नव्हतेच असं झालं असतं, आप्पा."

दुसऱ्या दिवशी आप्पा कचेरीत सगळ्यांच्या आधी आला. खडू त्याने खिशातून काढलाच नाही. ऑइलपेंटचा डबा उघडला, साय बाजूला केली आणि मधल्या रांगेत तिचे नाव लिहिले. वाळल्यावर वरून दुसरा हात दिला. मालिनीबाई आल्या, थबकल्या, चष्मा पुसून पुन्हा वाचले. आता रागावतील असे मला वाटले. त्या म्हणाल्या, "आप्पा, वेलांटी जरा बारीक काढायचीत," आणि आपल्या टेबलाकडे गेल्या. पुढच्या खंडाला दमयंती घरी बसली, पण तिचे नाव माझ्यावर तसेच होते. तेवढा एक नियम आमच्या मजल्यावर मोडला.

मुंबईहून पत्र आले ते पावसाळ्यात. एक कायम जागा मंजूर. साहेबांनी पेढे मागवले, श्यामरावांनी दमयंतीला खुर्चीवर बसवून पहिला पेढा दिला. आप्पाने तर माझ्यावरही एक पेढा ठेवला, मुंग्या लागल्या तरी काढला नाही. संध्याकाळी मालिनीबाईंनी पत्र पुन्हा वाचले तेव्हा खालची ओळ त्यांना दिसली. उमेदवार पदवीधर हवा. दमयंती मॅट्रिक. बाईंनी अट शिथिल करण्यासाठी मुंबईला लिहिले, पुन्हा लिहिले. उत्तर आले ते वेगळेच. खंडाच्या दिवशी माणूस बोलावल्याबद्दल बाईंनी खुलासा द्यावा. त्यांनी तो दिला.

नवा पदवीधर मुलगा रुजू व्हायच्या आदल्या दिवशी दमयंतीची शेवटची नेमणूक संपली. तिने मशिनवर कापड घातले, सगळ्यांचा निरोप घेतला, मालिनीबाईंच्या पाया पडली. बाईंनी तिला आपली छत्री दिली, कारण बाहेर पाऊस होता आणि तिच्याकडे नव्हती. मग ती माझ्यासमोर आली. कप्प्यातून चपला काढल्या, पायात घातल्या, आणि स्वतःच्या नावावरून हळूच बोट फिरवले. तिचे बोट थंड होते.

"आप्पा, हे लगेच पुसू नका हां," ती म्हणाली.

"पुसू कसा गो?" आप्पा म्हणाला. "तेलाचा रंग हाय तो."

आप्पाने नव्या मुलाला खालच्या रांगेत कप्पा दिला. मुलगा चांगला होता. तो कुरकुरला नाही. दमयंती पुढे चिपळूणच्या एका पतपेढीत लागली आणि तिथे कायम झाली, असे आप्पाच्या कानावर आले होते. खरे की खोटे, मला माहीत नाही. खरे असावे असे मी धरून चालतो.

नंतर नवी यंत्रे आली. ती धुळीला भीत नव्हती. गालिचा काढला, बूट घालून लोक आत जाऊ लागले, आणि मी पुन्हा मागच्या पडवीत गेलो. आप्पा निवृत्त झाला. भंगाराच्या लिलावातून तुमच्या शाळेच्या तेव्हाच्या गुरुजींनी मला सोडवले आणि आरे-वारेच्या रस्त्याने टेम्पोत घालून इथे आणले. समुद्राच्या वाऱ्याने वरच्या रांगेतली सगळी नावे केव्हाच पोपडे होऊन गळली. साहेबांचेही गेले. मधल्या रांगेतले एकच राहिले, त्याला आप्पाने दोन हात दिले होते.

तर ही दमयंती. आता माझे एकच मागणे ऐका. मला रंग द्या, खिळे ठोका, हे मी म्हणत नाही; जमले तर करा. पण मंगळवारी आणि शुक्रवारी तुम्हाला कॉम्प्युटर शिकवायला ज्या बाई येतात, त्यांचे नाव गुरुजींच्या हजेरीत नाही, फलकावर नाही. त्यांची नेमणूक काही महिन्यांपुरती आहे असे मी ऐकले आहे. तुम्ही त्यांना कॉम्प्युटरच्या बाई एवढेच म्हणता. त्या चपला खालच्या पायरीवर काढतात, कोपऱ्यात, कोणाच्या पायात येणार नाहीत अशा. टाचा भिंतीकडे करून.

येत्या शुक्रवारी त्या आल्या की कोणीतरी खाली जा आणि त्यांना वर घेऊन या. त्यांचे नाव विचारून घ्या. मधल्या रांगेतला तो कप्पा तुम्ही कधी वापरत नाही, तो अजून रिकामाच आहे. त्यात त्यांच्या चपला ठेवा. दमयंतीची हरकत असणार नाही.